आल आणि आलवण : वऱ्हाडातील रंगाऱ्यांच्या विद्येची हकीकत

मंडळाच्या स्मरणिकेसाठी ‘आपल्या परंपरागत कलांचे जतन’ या विषयावर चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळींची सूचना आली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच कळविला होता. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. नोकरी प्राथमिक शाळेतील मास्तरकीची. इतिहाससंशोधन हा आमचा प्रांत नव्हे. तथापि विचार करता असे वाटले की, भावसार-रंगारी समाजाच्या पूर्वजांची विद्या कोणती होती व ती कशी गेली, हे अमरावती-अकोल्याकडील आपल्या मुलांस ठाऊक नाही. ज्यांनी ती विद्या प्रत्यक्ष चालविताना पाहिली त्या पिढीतील कोणी आज हयात नाही. ज्यांनी तिच्याविषयी घरात बोलणे ऐकले, ते आमच्या वयाचे लोक तेवढे शिल्लक आहेत. म्हणून हे धाडस.

प्रारंभ एका शब्दापासून करू. ‘आलवण’ हा शब्द आपल्या घरातील तरुणांस बहुधा ठाऊक नसेल. पूर्वी काही जातींत विधवा स्त्रीचे केशवपन करीत व तिला तांबडे लुगडे नेसावयास देत. त्या लुगड्यास आलवण म्हणत. ती दुष्ट चाल नष्ट झाली हे फार चांगले झाले, आणि तिच्याबरोबर तो शब्दही गेला याचे कोणास दुःख होण्याचे कारण नाही. परंतु त्या शब्दात आपल्या धंद्याचे मूळ दडलेले आहे. ‘आल’ म्हणजे ज्या झाडास आपण बारतोंडी म्हणतो त्याची एक जात. तिच्या मुळ्यांपासून तांबडा रंग निघतो. आलीत रंगविलेले ते आलवण, हा संबंध आम्हांस तरी उघड दिसतो. व्यापाऱ्यांच्या चोपड्यांस ज्या जाड तांबड्या कापडाची बांधणी असे, तो खारवाही याच रंगाचा. एकाच कढईतून विधवेचे लुगडे, सावकाराची वही आणि लग्नघरची जाजम बाहेर पडत असे.

रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथ 1916 साली प्रसिद्ध झाला. त्यात छिपा, रंगारी, भावसार, निराळी व निळगर ही नावे एकाच प्रकरणाच्या मथळ्यात एकत्र आली आहेत. उत्तरेकडील जिल्ह्यांत छिपा, मराठी मुलखात रंगारी अथवा भावसार. नीळ चढविणारे ते निराळी. आपल्या उत्पत्तीविषयी ज्या कथा समाजात सांगतात त्या श्रद्धेच्या जागी योग्यच आहेत, व कुलस्वामिनी हिंगलाजमातेस आमचेही वंदन आहे. या लेखात मात्र आम्ही हातांची हकीकत सांगणार आहोत.

वऱ्हाडात हा धंदा नदीच्या आधाराने वसला. रंगाऱ्यास कापड धुण्यास वाहते पाणी व वाळविण्यास मोकळी वाळू पाहिजे. अकोल्यास मोर्णा आहे. बाळापुरास मन आणि म्हैस या नद्यांचा संगम आहे. मिर्झाराजे जयसिंगांची छत्री तेथेच नदीकाठी उभी आहे. आपल्या मुलांना सहलीस नेल्यास ती अवश्य दाखवावी. बाळापूरची पागोटी एके काळी नामांकित होती. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हे तर वऱ्हाडची जुनी राजधानी. वऱ्हाडच्या सीमेला लागूनच बऱ्हाणपूर. सतराव्या शतकात टॅव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या तेथून गेला. बऱ्हाणपुरातील तलम कापड, कोणी रंगीत, कोणी फुले काढलेले, इराण, तुर्कस्थान, कैरोपर्यंत आणि रशिया-पोलंडपर्यंत जाते असे त्याने लिहून ठेविले. असा मोठा बाजार शेजारी असता वऱ्हाडातील रंगारी त्यापासून अलिप्त राहिले असतील असे आम्हांस वाटत नाही.

आता आलीची विद्या. हा भाग थोडा विस्ताराने सांगतो, कारण कोणत्याही सोहळ्यातील भाषणात तो ऐकावयास मिळत नाही.

आल काळ्या, खोल जमिनीत बियांपासून लावीत. झाड वर वाढले तरी शेतकऱ्याचे लक्ष जमिनीखाली. तीन-चार वर्षे गेली म्हणजे मुळ्या खणून काढावयाच्या. त्या कमरेइतक्या खोल गेलेल्या असत, म्हणून खणण्याची मजुरी मोठी पडे. मुळ्या निघाल्या की निवड होई. पेन्सिलीपेक्षा बारीक मुळी सर्वांत उत्तम, मधली मध्यम, आणि अंगठ्याहून जाड मुळी कुचकामी. कारण रंग सालीत असतो, आतील लाकडात जवळजवळ नसतो. झाड फार जुने झाले तर त्याच्या मुळीचा काहीच उपयोग नाही. मुळ्या कांडताना त्यांत थोडे तिळाचे तेल घालीत.

परंतु मुळी कुटली, पाण्यात उकळली आणि कापड बुडविले, की रंग चढला, असे मुळीच नाही. खरे कौशल्य त्याच्या आधीचे. कोरे कापड प्रथम धुऊन खळ काढावयाची. मग एरंडेल तेल, खार व शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या यांच्या कालवणात ते भिजवावयाचे, पिळावयाचे, उन्हात टाकावयाचे, पुन्हा भिजवावयाचे. असे अनेक दिवस. यास ‘तेल पाजणे’ म्हणत. त्यानंतर हिरड्याचे पाणी. कापड फिकट पिवळे होते. त्यानंतर तुरटी. जेथे काळे हवे तेथे गुळाच्या पाण्यात जुने लोखंड आंबवून केलेले काळे पाणी ठशाने लावावयाचे. इतके झाल्यावर मग आलीची कढई. तीत आलीच्या भुकटीबरोबर धायटीची फुले. विस्तव मंद, पाणी हळूहळू तापत जावे, कापड सारखे हलते राहावे. एकदम उकळी आली तर रंग डागाळतो. तुरटीच्या जागी तांबडे उमटते, लोखंडाच्या जागी काळे, दोन्ही मिसळल्यास चॉकलेटी. एकाच कढईतून तीन रंग निघतात. ज्यांस रसायनशास्त्र ठाऊक आहे त्यांस यात नवल वाटणार नाही. परंतु आपल्या पूर्वजांनी रसायनशास्त्राचे पुस्तक पाहिले नव्हते, हे ध्यानात घ्यावे.

या विद्येची खरी परीक्षा ग्लासगो शहरात झाली. मुंबईच्या व्यापारात आलीच्या मुळीस ‘सुरंजी’ म्हणत. ती विलायतेत पाठविण्यात आली, तेव्हा तेथील कुशल छापणाऱ्यांनी आपल्या रीतीने तिची परीक्षा केली व हा रंगच नव्हे असा एकमुखी निकाल दिला. पुढे अँडरसन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1848 साली तिचा अभ्यास केला. साध्या तुरटीच्या कापडावर ती रंग धरीना; परंतु तेल पाजून तयार केलेल्या कापडावर, ज्यास तिकडे ‘तुर्की तांबडा’ म्हणत त्याच्यासाठी सिद्ध केलेल्या कापडावर, ती उत्तम चढली. ग्लासगोच्या कारागिरांस मुळी मिळाली होती, पण तिच्याबरोबर रंगारी गेला नव्हता.

या घटनेचा पुढे पुन्हा उल्लेख येईल. तिचा आमच्याशी जो संबंध आला तो सांगावयास आम्हांस थोडी लाज वाटते.

धंदा बुडाला कसा? ‘इंग्रजांनी बुडविला’ असे एका वाक्यात उत्तर देण्याची आपली सवय आहे. आम्हीही वर्गात वर्षानुवर्षे तसेच शिकविले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

1853 सालच्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तेथील कापूस बंद पडला व मँचेस्टरची दृष्टी वऱ्हाडावर वळली. 1867 साली रेल्वे नागपुरास पोहोचली; 1870 साली खामगावच्या शाखेचे उद्घाटन करण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. काळ्या जमिनीचा शेतकरी आता कापसाकडे वळला. कापूस दरसाल रोख पैसा देतो. आल तीन-चार वर्षे शेत अडवून ठेवते. कोणता शेतकरी आल लावील? आम्ही त्याच्या जागी असतो तर आम्हीही लावली नसती. रंगाऱ्याच्या कढईखालचा विस्तव विझण्याची सुरुवात प्रथम शेतात झाली, असा आमचा कयास आहे.

त्याच सुमारास, 1866 साली, लंडनमध्ये फोर्ब्स वॉटसन या अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील कापडांच्या खऱ्या नमुन्यांचे अठरा खंड सिद्ध केले. प्रत्येक संचात सातशे नमुने, व असे वीस संच. तेरा विलायतेत ठेविले व सात हिंदुस्थानात पाठविले. हिंदी माणूस काय नेसतो, किती लांबीचे, कोणत्या काठाचे, हे विलायती गिरणीवाल्यांस कळावे, हा त्यामागील हेतू होता आणि तो त्यांनी लपविला नाही. आज तेच खंड जुन्या हिंदी कापडांचे अनमोल भांडार म्हणून अभ्यासक उघडतात. नमुने आजही रंग धरून आहेत. जतन झाले ते असे. बाजार काबीज करणाऱ्यांच्या हातून, आणि कापडाचे झाले, हातांचे नाही.

शेवटचा घाव जर्मनीतून आला. 1868 साली ग्रेबे व लीबरमान या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतील तांबडे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. हे द्रव्य म्हणजे आलीच्या रंगाचा जवळचा भाऊबंदच. 1869 साली त्याचे पेटंट झाले, आणि थोड्याच वर्षांत डबाबंद तांबडा रंग सर्व जगभर जाऊ लागला. 1897 साली जर्मन कंपनीची कृत्रिम नीळ बाजारात आली व निराळ्यांचीही तीच गत झाली. फ्रान्समधील मंजिष्ठेचे शेतकरी याच लाटेत बुडाले, हेही सांगितले पाहिजे.

येथवरची हकीकत पुस्तकांत सापडते. पुढची सापडत नाही, कारण ती आपल्याच घरातील आहे.

आमचे पणजोबा आलीचे काम करीत. आजोबा डब्यातील रंगाचे करीत. वडिलांनी कपड्याच्या दुकानात हिशेब लिहिला, आणि आम्ही खडू हातात घेतला. चार पिढ्यांत कढई ते फळा. यात कोणाचा अपराध नाही; मुलांनी शिकावे, हात रंगात न बुडविता पोट भरावे, ही आजोबांचीच इच्छा होती. त्यांचे हात कोपरापर्यंत डागलेले असत व पंगतीत ते हात अंगरख्याच्या बाहीत ओढून घेत, असे आजी सांगे. समाजाने ‘रंगारी’ हे नाव मागे टाकून ‘भावसार’ हे नाव पुढे केले, त्यामागेही अशा झाकलेल्या हातांची भावना होती, असे आमचे मत आहे. हे मत काही ज्येष्ठांस रुचणार नाही. नाव बदलले याचा आम्हांस खेद नाही. नावाबरोबर कामाचीही लाज धरली, याचा मात्र आहे.

आमच्या घरी माळ्यावर दोन पोती भरून लाकडी ठसे होते. कोयरी, वेल, काठाची फुले, पासोडीच्या मधले मोठे चक्र. लहानपणी आम्ही त्यांवर शाई लावून वहीवर छाप उमटवीत असू व त्याबद्दल मार खात असू. पुढे घर दुरुस्तीस काढले त्या वर्षी माळा उतरविला. आम्ही तेव्हा नोकरीत होतो, इतिहासाचा तास घेत होतो, ‘आपला थोर वारसा’ या विषयावर मुलांकडून निबंध लिहून घेत होतो. ते ठसे सबंध हिवाळाभर आमच्याच घरी पाणी तापविण्याच्या बंबात गेले. जुने, तेल मुरलेले लाकूड. फार छान जळत असे. कोणी अडविले नाही. आम्हीही अडविले नाही.

एकच ठसा राहिला, तोही पाटाचा पाय मोडला होता म्हणून त्याखाली टेकू दिलेला.

सेवानिवृत्तीनंतर त्या ठशाने आमची झोप घालविली. एकदा वाटले, आलीचा रंग करून पाहू. गावाबाहेर बांधावर बारतोंडीचे जुने झाड होते. मालकाची परवानगी घेऊन मनगटाएवढी जाड मुळी खणून आणली, कुटली, उकळली, तुरटीत भिजविलेले धोतराचे फडके तीत टाकले. बाहेर निघाला तो चहा सांडल्यासारखा पिवळट डाग. दुसऱ्यांदा केले, तेच. तिसऱ्यांदा घरच्या मंडळींनी पातेले देण्यास साफ नकार दिला. ‘हे बारतोंडी काही रंगाचे झाड नव्हे,’ असा निकाल आम्ही मनाशी देऊन टाकला. ग्लासगोच्या कारागिरांनी दिला होता तोच.

पुढे अँडरसनची ती हकीकत आमच्या वाचनात आली, आणि आजीचे एक वाक्य एकदम आठवले. ती कोणत्याही हट्टी मुलाविषयी बोलताना म्हणे, “तेल पाजल्याबिगर फडकं रंग धरत नाई, बापू.” आम्ही आयुष्यभर ती म्हण समजत होतो. ती म्हण नव्हती, कृती होती. ज्या गोष्टीसाठी आम्हांस परदेशी शास्त्रज्ञाच्या लेखापर्यंत जावे लागले, ती आमच्या स्वयंपाकघरात रोज बोलली जात होती.

पुढच्या खेपेस कोवळ्या झाडाच्या बारीक मुळ्या घेतल्या. फडक्यास बारा दिवस तेल पाजले. लेंड्यांचा वास शेजाऱ्यांस असह्य झाला, तो भाग सोडून देऊ. तुरटी दिली, कढई मंद ठेविली. हातरुमालाएवढ्या फडक्यावर विटेसारखा तांबडा रंग आला. एका बाजूस फिका, मध्ये डाग. आमच्या पणजोबांनी तो फेकून दिला असता. पण साबणाने धुतला तरी गेला नाही.

आता कोणी विचारील की, ही विद्या सर्वत्रच मेली काय? नाही. ओरिसात कोरापूट जिल्ह्यात कोटपाड म्हणून गाव आहे. तेथील मिरगाण विणकर आजही आलीच्या मुळीनेच सूत रंगवितात, व तेही एरंडेल तेल पाजूनच. 2005 साली त्यांच्या कापडास भौगोलिक मानांकन मिळाले, आणि 2018 साली तेथील विणकर गोवर्धन पाणिका यांस पद्मश्री देण्यात आली. मध्यप्रदेशात धार जिल्ह्यातील बाग येथे व कच्छमध्ये धमडका आणि अजरखपूर येथे खत्री समाजाच्या लोकांनी ठशांचे काम व वनस्पतींचे रंग पुन्हा उभे केले. 2001 च्या भूकंपात कच्छच्या त्या मंडळींचे पाणी व घरे गेली. त्यांनी नवे गाव वसविले, पण धंदा सोडला नाही. त्यांतील इस्माईल खत्री यांस इंग्लंडमधील लीस्टर येथील विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली. ज्या देशात आलीस ‘रंग नव्हे’ म्हटले गेले होते, त्याच देशात.

या लोकांत व आपल्यांत फरक कोणता? त्यांच्याकडेही डबाबंद रंग आला होता. त्यांचीही मुले शाळेत गेली. आमच्या अल्पबुद्धीस असे दिसते की, त्यांच्याकडे प्रत्येक पिढीत निदान एका घराने हात चालू ठेविला होता. म्हणून पुढे मागणी आली तेव्हा शिकविणारा हजर होता. वऱ्हाडात तसे एकही घर आमच्या पाहण्यात नाही. म्हणून धंदा पुन्हा उभा करण्याच्या गोष्टी आम्ही करणार नाही. मंडळाच्या सभेत दरवर्षी तसा ठराव येतो, टाळ्या पडतात, व चहा होतो.

आम्ही मागतो ते त्याहून लहान आहे. आपापल्या घरचा माळा, कोठी, जुने कपाट एकदा उतरवून पाहावे. ठसा सापडल्यास धुऊ नये, तेल लावू नये, रंग खरवडू नये. खाचांत बसलेला जुना रंग हाच त्याचा दाखला आहे. स्टँप-पॅडच्या शाईने त्याची एक छाप साध्या कागदावर घ्यावी. मूळ ठसा फार जीर्ण असेल तर शाईही लावू नये; त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली तरी नक्षी उमटते. कागदाच्या मागे घराचे मूळ गाव व तो ठसा कशासाठी वापरीत हे लिहावे. जाजम, पासोडी, लुगड्याचा काठ, जे आठवेल ते. जुन्या वहीत रंगाचा हिशेब असल्यास त्या पानाचा फोटो काढावा. आणि घरात सत्तरी ओलांडलेली आजी, आत्या, मावशी असेल तर तिच्याजवळ बसून भांड्यांची, रंगांची, कापडांची नावे विचारावीत व ती जशी बोलेल तशीच लिहावीत. शुद्ध करू नयेत. आमच्या आजीचे वाक्य आम्ही शुद्ध मराठीत घातले असते तर त्यातील तेल सांडून गेले असते. स्त्रियांस हे अधिक ठाऊक असते, कारण भिजविणे, पिळणे, वाळविणे ही निम्मी कामे त्याच करीत. ग्रंथांत मात्र त्यांचे नाव नाही.

हे सर्व कागद एका फाइलीत लावून मंडळाच्या कार्यालयात ठेवावे, इतकीच आमची योजना आहे. मागील दिवाळीपासून आम्ही अकोला, बाळापूर, मूर्तिजापूर व अचलपूर येथील काही घरी जाऊन आलो. आजवर एकोणीस छापा जमल्या आहेत. दोन घरी ठसे होते, पण दाखविण्यास संकोच वाटला. एका घरी चहा देऊन ‘आमच्याकडे कधी असले काम नव्हतेच’ असे सांगण्यात आले. त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर जो ठसा शोभेसाठी टांगला होता तो त्यांनी बाजारातून विकत आणलेला होता.

शेवटी आमच्या पाटाखालच्या ठशाविषयी. तो कोयरीचा आहे. वीतभर लांब, देठ उजवीकडे वळलेला, पोटात सात ठिपके. परंतु तो केवळ रेघेचा ठसा आहे. कोयरीच्या आतील रंग भरण्याचा जोडठसा निराळा असतो, व तो आमच्याकडे नाही. आजोबांची व त्यांच्या धाकट्या भावांची वाटणी झाली तेव्हा ठसेही वाटले गेले होते, आणि ते बंधू परतवाड्याकडे गेले एवढे आम्हांस ठाऊक आहे. सात ठिपक्यांची मोकळी जागा असलेला, वीतभर लांबीचा, भरीव कोयरीचा ठसा ज्या घरी असेल त्यांनी कृपा करून मंडळाच्या पत्त्यावर कळवावे. आम्ही एस. टी.ने स्वतः येऊ. ठसा मागणार नाही. आमचा ठसा बरोबर आणू, दोन्ही एका कागदावर एकावर एक उमटवून घेऊ, आणि एक प्रत आपल्या घरी ठेवून परत जाऊ.